भाव सांगण्याचा अधिकार: दरपत्रकाचा इतिहास

दरपत्रक म्हणजे विक्री होण्याआधी विक्रेत्याने ग्राहकाला लेखी कळवलेला भाव. कोणता माल, किती नग, काय दराने, कर किती, पोच कुठे, पैसे कधी द्यायचे आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत टिकेल, एवढे त्यात असते. बोलण्यात त्याला सर्रास कोटेशन म्हणतात. या टप्प्यावर माल हललेला नसतो, पैसाही आलेला नसतो. हिशेबाच्या दृष्टीने अजून काहीच घडलेले नसते. रोजकीर्दीत घडलेलेच लिहायचे, हा पेढीवरच्या दिवाणजीपासून आजच्या लेखापालापर्यंत चालत आलेला नियम. त्यामुळे दरपत्रकाला वहीत कधी जागा मिळाली नाही. धंदा मात्र याच कागदावर ठरतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने गेल्या तीन-चार दशकांत हा कागद वहीच्या घरात आणला, आणि २०२३ नंतर तो लिहिण्याचे काम एआय एजंट म्हणवल्या जाणाऱ्या प्रणालींकडे जाऊ लागले. साधने बदलत गेली तरी या इतिहासाच्या मध्यभागी एक प्रश्न कायम आहे: भाव सांगण्याचा अधिकार कोणाला, आणि सांगितलेला भाव कोणाला बांधतो?

लेखी दरपत्रकाच्या आधी भाव दोन रीतींनी कळत असे. एक रीत सरकारी. फारसीतून मराठीत आलेला ‘निरख’ हा शब्द तिचाच. निरख म्हणजे बाजारात चालू असलेला किंवा ठरवून दिलेला दर आणि अशा दरांची यादी म्हणजे निरखनामा. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे चोऱ्यामाऱ्या आवरण्याबरोबर बाजारातल्या भावांवर नजर ठेवण्याचेही काम होते. दुसरी रीत घासाघिशीची, आणि घाऊक व्यापारात ती उघड्यावर होत नसे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत आणि बोटांच्या खुणांनी भाव सांगत. बोटांच्या या भाषेला मराठीत करपल्लवी असा देखणा शब्द आहे; शेतमालाच्या बाजारात याच व्यवहाराला हत्ता पद्धत म्हणत. तिच्यात एक मोठा अन्याय दडलेला होता. माल शेतकऱ्याचा असला तरी रुमालाखालचा हात दलालाचा असे, आणि काय भाव ठरला हे मालाच्या धन्याला सर्वांत शेवटी कळे.

या गुप्ततेला कायद्याने आळा घालण्याची सुरुवात वऱ्हाडात झाली. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित बाजार झाला; देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने कापडाखालच्या सौद्यांवर टीका केली आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाची चौकट पक्की केली. बैलबाजारात मात्र रुमालाखालचा सौदा अजून पाहायला मिळतो.

शेतमालाचा भाव असा लिलावाकडे गेला, आणि यंत्रे, सुटे भाग, कापड, रंग, रसायने अशा मालाचा भाव पत्राकडे. या दुसऱ्या वाटेवर मालक प्रत्येक वेळी स्वतः बोलत नसे. गुमास्ता, मुनीम, अडत्या, दलाल, मुखत्यार ही सगळी दुसऱ्याच्या वतीने बोलणारी माणसे. मुखत्याराकडे मुखत्यारपत्र असे, म्हणजे अधिकाराची लेखी हद्द. गुमास्त्याची हद्द बहुधा तोंडी असे आणि ती ओलांडायची वेळ आली की ‘मालकांना विचारून सांगतो’ हे वाक्य येई. ज्या प्रणालीला आज एजंट म्हणतात तिच्या कामाची सारी अडचण या एका वाक्यात सापडते, म्हणून ते इथेच नोंदवलेले बरे.

१८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. पत्राने भाव विचारून उत्तर येईपर्यंत महिना-दोन महिने जात, ते काम आता काही तासांत होऊ लागले. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक कोश वापरात आणले, ज्यांत एकेका शब्दामागे अख्खे वाक्य दडलेले असे. भाव, वजन, जहाजाचा महिना, उत्तराची मुदत हे सगळे चार-पाच शब्दांत मावे. दरपत्रकाचे ठरावीक रकाने होण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल होते. जे कोशात नाही ते तारेत लिहिणे महाग पडे, त्यामुळे भावाबरोबर काय सांगायचे याची सवय आपोआप घोटली गेली.

याच काळात कायद्याचीही घडी बसली. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात प्रस्ताव आणि स्वीकृती यांच्या व्याख्या आहेत. स्वीकृती पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो आणि नेमून दिलेली मुदत संपली की तो आपोआप विरतो, असे त्याची पाचवी आणि सहावी कलमे सांगतात. दरपत्रकाच्या तळाशी ‘दर १५ दिवसांपर्यंत ग्राह्य’ असे छापतात, त्याला आधार तिथला. पण नुसता भाव सांगणे हा प्रस्ताव होतो का? या प्रश्नाचे उत्तर १८९३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हार्वे विरुद्ध फेसी या खटल्यात दिले. वाद जमैकातल्या एका मालमत्तेचा होता. घेणाऱ्यांनी तारेने विचारले, विकणार का आणि कमीत कमी किंमत काय. उत्तरात फक्त किंमत आली, ९०० पौंड. घेणाऱ्यांनी लगेच ‘मान्य’ कळवले आणि करार झाला असे धरले. न्यायालय म्हणाले, करार झालेला नाही; किंमत सांगितली म्हणजे विकायची तयारी दाखवली असे होत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या कूर्गमधल्या बंगल्याच्या खटल्यात तोच मार्ग धरला. तिथेही तार होती आणि मालकाने दहा हजारांच्या खाली घेणार नाही एवढेच कळवले होते.

दरपत्रकाचे कायद्यातले स्थान यामुळे थोडे धूसर राहिले, आणि ही धूसरता व्यापाराला सोयीची ठरली. नुसती किमतींची यादी असेल तर ती आमंत्रण ठरते. नाव, नग, दर, मुदत, अटी सगळे नेमके लिहून एका ग्राहकाला पाठवलेला कागद मात्र प्रस्ताव ठरू शकतो, आणि ग्राहकाने मुदतीत ऑर्डर दिली की विक्रेता अडकतो. फरक शब्दांचा असतो. ‘आमच्या अंतिम मान्यतेस अधीन’ ही एक ओळ कागदाचा अर्थ फिरवते.

विसाव्या शतकात दरपत्रकाला आज ओळखीचे असलेले रूप आले: वर छापील नाममुद्रा, खाली डावीकडे ग्राहकाचा पत्ता, उजवीकडे जावक क्रमांक आणि दिनांक, मध्ये तक्ता, शेवटी अटी आणि सही-शिक्का. मराठी मुलखात कारखानदारी उभी राहिली तशी किंमतपत्रकेही छापली जाऊ लागली. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ मूळची कारखान्याचेच मुखपत्र होती. १९५५ मध्ये गोदरेजने मुंबईत टंकयंत्रे बनवायला घेतली आणि पुढची चाळीस वर्षे दरपत्रक टंकलेखकाच्या हातचे राहिले. कार्बन घालून काढलेली खालची प्रत ‘ओ. सी.’ म्हणून फायलीत लागे. जावक क्रमांकाला फार महत्त्व होते, कारण ग्राहकाची ऑर्डर त्या क्रमांकाचा हवाला देऊन येई आणि कारकून तेवढ्यावरून ओ. सी. शोधून भाव पडताळून पाहत असे.

त्या कागदाच्या तळाशी अनेकदा ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे असे. चूकभूल द्यावी घ्यावी. इंग्रजी बिलांवरच्या तशाच आद्याक्षरांचे काम ते करी, पण मराठी रूपात देणे आणि घेणे दोन्ही आहे: आमची चूक तुम्ही पोटात घाला, तुमची आम्ही घालू. चूक माणसाची असते आणि दोन्ही बाजूंना माणसे आहेत, हे त्यात गृहीत होते.

सरकारी खरेदीने दरपत्रकाला आणखी एक जन्म दिला. लहान खरेदीसाठी निविदा काढणे परवडत नाही, म्हणून तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवायची, मोहोरबंद लिफाफे समितीपुढे फोडायचे, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराला काम द्यायचे, ही रीत शाळेच्या बाकांपासून ग्रामपंचायतीच्या दिव्यांपर्यंत रुळली. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकाविना आणि त्यापुढे अडीच लाखांपर्यंतची स्थानिक खरेदी समितीमार्फत अशी हद्द आखली गेली. रीत चांगली, पण तिचा गैरवापरही तितकाच जुना आहे. एकाच दुकानातून तीन नाममुद्रांवर तीन दरपत्रके निघतात आणि स्पर्धा कागदावर उरते. तुलनात्मक तक्ता करणाऱ्या कारकुनाला हे बहुधा कळते. तिन्ही कागदांवर एकच शुद्धलेखनाची चूक असते.

ग्रामीण महाराष्ट्रात तर या शब्दाचा अर्थच सरकला. ट्रॅक्टर किंवा पंपासाठी कर्ज घ्यायचे तर विक्रेत्याचे कोटेशन अर्जाला जोडावे लागते आणि बँक रक्कम थेट विक्रेत्याला देते. शेतीपंपाच्या वीजजोडणीसाठी जी रक्कम भरायची तिच्या कागदालाही कोटेशन म्हणतात. ‘कोटेशन भरून दोन वर्षे झाली’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याने भाव विचारलेला नसतो, पैसे मोजलेले असतात. विक्रेत्याने सांगितलेला भाव ते ग्राहकाने भरलेली रक्कम, इतका हा शब्द चालून गेला आहे.

संगणक आल्यावर पहिली काही वर्षे त्याने टंकयंत्राची जागा घेतली, याहून जास्त काही घडले नाही. जुने दरपत्रक उघडायचे, नाव बदलायचे, दर बदलायचे, छापायचे. कधी नाव बदलायचे राहून जाई आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या हातात पडे. तक्त्याच्या सॉफ्टवेअरने बेरीज-गुणाकाराचे कष्ट वाचवले, पण एखादी ओळ सूत्राच्या बाहेर राहिली तर चूक तितक्याच सुबकपणे छापली जाई. मराठी दरपत्रकांची आणखी एक अडचण होती. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर खास फाँटमध्ये टंकला जाई. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. कित्येक कार्यशाळांचा वीस वर्षांचा दरांचा इतिहास अशा फायलींत बंद आहे.

खरा बदल हिशेबाच्या सॉफ्टवेअरने केला. १९८६ मध्ये बंगळूरला श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भारत गोएंका यांनी टॅलीची कंपनी सुरू केली. पुढे गावोगावच्या पेढ्यांत हिशेब लिहिणे आणि ‘टॅलीत एन्ट्री मारणे’ हे एकच काम झाले. न घडलेला व्यवहार वहीत कुठे ठेवायचा, हा जुना पेच टॅलीने ऑप्शनल व्हाउचरने सोडवला. विक्रीच्या ऑर्डरचे व्हाउचर नेहमीसारखे भरायचे, कंट्रोल आणि एल या कळा दाबून ते ऐच्छिक करायचे, आणि त्याची छापील प्रत दरपत्रक म्हणून ग्राहकाला द्यायची. ते सॉफ्टवेअरच्या आत असते, पण खतावणीला त्याचा स्पर्श होत नाही. साठा कमी होत नाही, ग्राहकाच्या नावे येणेही पडत नाही. ग्राहकाने होकार दिला की तेच व्हाउचर पक्के करायचे. वहीच्या घरात पाहुण्याला खोली मिळावी तशी ही जागा होती, आणि ती योजना अतिशय शहाणपणाची होती.

मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दरपत्रकाला आधीपासूनच स्वतंत्र दस्तऐवजाचा मान होता: चौकशी, दरपत्रक, ऑर्डर, पोच आणि बिल ही साखळी, आणि प्रत्येक कागद आधीच्या कागदातून जन्मलेला. ही साखळी लहान धंद्यांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टचा वाटा मोठा आहे. रुषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीने ते मुक्त-स्रोत म्हणून खुले केले. त्यात दरपत्रकाच्या अवस्था ठरलेल्या आहेत. आधी मसुदा, मग सबमिट केल्यावर पक्के, ज्यात बदल करता येत नाही, रद्द केले तर सुधारित प्रतीला मूळ क्रमांकापुढे १ चे शेपूट लागते. मुदत उलटली की ते मुदतबाह्य दिसते. ऑर्डर हातची गेली तर ती का गेली याचे कारणही नोंदवता येते. ओ. सी.च्या फायलीत विरून जाणारी फसलेली दरपत्रके इथे मोजता येऊ लागली, आणि कोणता भाव कोणत्या ग्राहकाला जड गेला हे प्रथमच आकड्यांत दिसले.

१ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला. कर बिलावर लागतो, दरपत्रकावर नाही. बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे असा नियम आहे, दरपत्रकाला असे बंधन नाही. तरीही ग्राहकाला प्रत्यक्ष पडणारी किंमत करासकट सांगावी लागते, त्यामुळे कराचे सगळे बारकावे दरपत्रकातच आधी सोडवावे लागतात.

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घेतले तर हे दिसते. समजा ५० नग कास्टिंग, प्रत्येकी १२ किलो, दर किलोला ११० रुपये. वजन ६०० किलो, रक्कम ६६,००० रुपये. पॅटर्नचा खर्च वेगळा, भाडे वेगळे. मुदत जेमतेम १५ दिवसांची, कारण पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव त्याहून जास्त थांबत नाहीत. कर १८ टक्के, म्हणजे ११,८८० रुपये, आणि एकूण ७७,८८०. माल महाराष्ट्रातच जाणार असेल तर हाच कर केंद्राचा ५,९४० आणि राज्याचा ५,९४० असा दोन ओळींत लिहायचा. गोव्याला जाणार असेल तर एकात्मिक कर म्हणून एका ओळीत. कर-नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. आता ग्राहकाचा निरोप असा आला की ‘मागच्या खेपेचाच माल, पन्नास नग, पोच फोंड्याला’, तर फोंडा कोणते? एक गोव्यात आहे, दुसरे कणकवली तालुक्यात घाटाखाली. कार्यशाळेतल्या जुन्या कारकुनाला ग्राहकाचे नाव ऐकूनच ते कळते.

हे कळणे यंत्राला कसे द्यायचे, हा २०२३ नंतरचा अध्याय. त्याआधीही एका सॉफ्टवेअरने दुसऱ्यात दरपत्रक भरणे शक्य होतेच. टॅली ठरावीक पोर्टवर, बहुधा ९००० वर, एक्सएमएल रूपातल्या सूचना स्वीकारते; ईआरपीनेक्स्ट, झोहो बुक्स आणि झेरो या सॉफ्टवेअरांना तसे एपीआय, म्हणजे बाहेरून सूचना घेण्याची सोय, आहेत. पण त्यासाठी प्रत्येक रकाना आधीच नेमका भरलेला लागे आणि फोंड्याचा निरोप कोणीतरी माणसाने वाचून रकान्यांत बसवावा लागे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले आणि साध्या भाषेतला निरोप समजणारे यंत्र सर्वांपुढे उभे राहिले. जून २०२३ मध्ये ओपनएआयने भाषा-मॉडेलला बाहेरच्या सॉफ्टवेअरकडून कामे करवून घेण्याची सोय दिली. २५ नोव्हेंबर २०२४ ला अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. कोणत्याही मॉडेलला कोणतेही सॉफ्टवेअर एकाच रीतीने जोडता यावे यासाठीचे हे खुले मानक आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरांसाठी अशा जोडण्या लवकरच तयार होऊ लागल्या.

अशा जोडणीत दरपत्रक बनवणे हे एक टूल असते. त्याला नाव असते, ते काय करते याचे दोन-चार ओळींचे वर्णन असते आणि कोणती माहिती लागेल याची यादी असते: ग्राहक, वस्तू, नग, दर, मुदत. मॉडेल निरोप वाचते, यादी भरते आणि टूलला बोलावते. गुणाकार, कर आणि क्रमांक देणे ही कामे सॉफ्टवेअर करते. ही वाटणी काळजीपूर्वक केलेली आहे. भाषा-मॉडेल संभवनीय शब्द जुळवते. त्याला ११० रुपये हा दर माहीत नसतो, पण विचारले तर शोभेलसा एखादा दर ते सांगून टाकते. म्हणून दर मॉडेलने लिहायचा नाही, दरांच्या यादीतून टूलनेच उचलायचा, ही चांगल्या जोडणीची पहिली खूण.

बाकीच्या चुका घडत घडत कळत गेल्या. ‘पाटील एंटरप्रायझेस’ या नावाचे तीन ग्राहक असतात, म्हणून आधी शोधण्याचे टूल आणि मग बनवण्याचे, अशी दोन टूल लागतात. जोडणी मध्येच तुटली तर एजंट तीच सूचना पुन्हा देतो आणि एकाच्या जागी दोन दरपत्रके तयार होतात; त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मागणीला एकमेव खूण देणे, जेणेकरून दुसरी सूचना पहिलीच आहे हे सॉफ्टवेअरला ओळखता येईल. नग आणि किलो यांची अदलाबदल हा फाउंड्रीतला सर्वांत महागडा घोटाळा. मराठीची स्वतःची वळणेही आहेत. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, अडीच हजार २,५००. पावणेदोन लाखांचा अर्थ १,७५,००० आहे हे टूलला कळत नाही, त्याला अंक लागतो, आणि तो अंक काढताना मॉडेल घसरू शकते. ‘परवा’ तर मागचा दिवसही असतो आणि पुढचाही. ‘परवा बोललो त्या भावाने परवापर्यंत कोटेशन द्या’ हे वाक्य कोल्हापूरच्या बाजारात कोणालाही अडत नाही. यंत्राने अशा जागी अंदाज बांधू नये, विचारावे. मालकांना विचारून सांगतो, हे गुमास्त्याचे वाक्य इथे परत येते.

ते वाक्य न उच्चारणाऱ्या यंत्राचे काय होते, याचे एक उदाहरण डिसेंबर २०२३ मध्ये जगभर गाजले. कॅलिफोर्नियातल्या एका मोटारविक्रेत्याच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला एका माणसाने आधी पटवले की ग्राहक म्हणेल ते मान्य करायचे, आणि मग एक डॉलरला नवी गाडी मागितली. चॅटबॉटने होकार देऊन वर तो कायदेशीर बांधील प्रस्ताव असल्याचेही सांगितले. गाडी कोणी दिली नाही. पण ग्राहकाच्या निरोपातच यंत्राला फिरवणारी सूचना दडवता येते हे सगळ्यांना दिसले, आणि चौकशीची ईमेल वाचून दरपत्रक बनवणाऱ्या एजंटला हाच धोका आहे.

कायदा या प्रश्नापाशी अगदी रिकाम्या हाताने आलेला नाही. करार कायद्यात अभिकर्त्याची व्याख्या १८२ व्या कलमात आहे, आणि ती दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या व्यक्तीची आहे. सॉफ्टवेअर व्यक्ती नाही. म्हणून नाव एजंट असले तरी या कलमाच्या अर्थाने ते गुमास्ता किंवा मुखत्यार होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे ११ वे कलम अधिक उपयोगी पडते: कोणाच्या वतीने आपोआप चालण्यासाठी बसवलेल्या प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख त्या व्यक्तीचाच मानला जातो. २००९ पासून लागू झालेले १० क हे कलम सांगते की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो निष्फळ ठरत नाही. म्हणजे यंत्राने पाठवलेले दरपत्रक धन्याचेच. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये क्वॉइन विरुद्ध बी-टू-सी-टू या खटल्यात पुढचा प्रश्न हाताळला. आपोआप व्यवहार करणाऱ्या दोन प्रणालींत आभासी चलनाचा सौदा बाजारभावाच्या सुमारे २५० पट दराने झाला होता. चुकीचा फायदा कोणी जाणूनबुजून घेतला का, हे ठरवताना न्यायालयाच्या बहुमताने ती प्रणाली लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहिले. यंत्राला मन नाही, म्हणून शोध पुन्हा माणसापाशी गेला. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-कायदा आयोगाने स्वयंचलित करारांसाठी नमुना कायदाही स्वीकारला.

सॉफ्टवेअरमध्ये हे उत्तर परवानग्यांच्या रूपात उतरते. ईआरपीनेक्स्टमध्ये दस्तऐवज तयार करण्याची, बदलण्याची आणि सबमिट करण्याची परवानगी वेगवेगळी देता येते. एजंटसाठी वेगळे खाते उघडायचे, त्याला दरांची यादी वाचण्याची आणि मसुदा तयार करण्याची मुभा द्यायची, सबमिटची द्यायची नाही. फोंड्याच्या निरोपावरून एजंट मसुदा तयार करतो आणि पत्त्याबद्दल शंका असल्याची टीप सोडतो. कार्यशाळेतला माणूस तो उघडतो, ग्राहक गोव्याचा की कणकवलीचा ते पाहतो, कराची ओळ बरोबर असल्याची खात्री करतो आणि सबमिट दाबतो. मसुदा कोणाच्या खात्यातून झाला, पक्का कोणी केला आणि किती वाजता, हे नोंदीत राहते. टंकलेखित दरपत्रकावर सही-शिक्क्याची जी जागा होती, तिथे आता ही नोंद आहे.